पालथा हात

हंगाम संपला की किनाऱ्यावरची लाकडी घरं सहा महिने ओस पडत. एकाला आग लागली तर अख्खी रांग जळायची, म्हणून निवृत्त बंबवाले आजोबा घरोघरी जाऊन वीज बंद करत, सिलिंडर काढत. मागोमाग आजींचे टोमणे चालूच.

"स्वतःच्या घरी दूध उतू घालवता आणि लोकांच्या शेगड्या तपासता!"

शेवटचं घर तर महिन्यापूर्वीच रिकामं झालं होतं. तरीही आजोबांनी शिरस्त्याप्रमाणे आतल्या खोलीच्या दाराला पालथा हात लावला. दार गरम लागलं तर उघडायचं नाही, हा धडा त्यांनी आजवर शेकडो पोरांकडून घोकून घेतला होता.

दार गरम होतं.

"अहो, आत कुणी नाही ना?" आजींनी त्यांची बाही धरली.

"कोण असणार? बाहेरचं कुलूप मीच लावलं होतं."

तेवढ्यात दाराच्या पलीकडून काहीतरी हळूच टेकलं, नेमकं त्यांच्या हातासमोर.

मग शहाण्या विद्यार्थ्याच्या सुरात आतून आवाज आला, "आजोबा, इकडून गार लागतंय. उघडतो हं!"