शेळगावचं दप्तर

शेळगावचं दप्तर पुन्हा सुटलं होतं.

लाल कापड पसरलेलं, सभासदांचे कागद टेबलभर. विशाखाने शिपाई गेणूला हाक मारली. रेकॉर्ड रूमची दुसरी किल्ली त्याच्याकडे, मग हे रोज होतं कसं, असं तिने चढ्या आवाजात विचारलं. गेणूने उंदरांपासून कॉम्प्युटरवाल्यांपर्यंत सगळ्यांची नावं घेतली.

"ताई, म्या हात लावला आसंल तर हात झडू दे," तो शेवटी वैतागून म्हणाला.

शेती संघाच्या बारामतीच्या कचेरीत कॉम्प्युटर आला होता, पण गावोगावच्या सभासदांची कागदपत्रं अजून लाल कापडातच होती. ती बांधायची पद्धत साहेबरावांची, म्हणजे विशाखाच्या वडिलांची. जन्मभर त्यांनी ही रेकॉर्ड रूम सांभाळली. ते निवृत्त झाले आणि त्यांच्याच जागी विशाखा लागली. त्यांची गाठ ओढावी तितकी आवळायची. घाईतला माणूस ब्लेडने सुतळी कापून मोकळा व्हायचा.

दुपारी साहेबराव लेकीचा डबा घेऊन आले. बायको, रंगुबाई, गेल्यापासून ते घरात भिंतीकडे तोंड करून बसत. जेवणाचीही शुद्ध नसे. एकदा असेच डबा द्यायला आले, एक दप्तर उघडं दिसलं, आणि तिथेच मांडी घालून बांधायला बसले. त्या रात्री पोटभर जेवले. तेव्हापासून रोज येत.

व्यवस्थापक मानसिंगरावांना हे पसंत नव्हतं. निवृत्त माणूस रेकॉर्डमध्ये नको, असं ते विशाखाला बजावत. मग हा पसारा आवरणार कोण, असं तीही त्राग्याने विचारायची. मग ते आपल्या खोलीत निघून जात.

"आबा, घरी बसवत नाही का तुम्हाला?" आजही ती सगळ्यांदेखत म्हणाली.

"बसवतंय की. एवढं बांधून झालं की जातो." त्यांनी सुतळी बोटांवरून फिरवली. "कापल्याली न्हाय. सोडल्याली हाय. सोडणाऱ्याचा हात निवांत हाय, पोरी."

ती तुटकं नख दाताने कुरतडत कोऱ्हाळ्याची दप्तरं फळीवर लावत राहिली.

संध्याकाळी ते पुढे निघाले. नेहमीप्रमाणे ती कुलूप लावायला मागे थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबराव उठलेच नाहीत.

आबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकून विशाखा कामावर आली, तेव्हा मानसिंगराव आणि गेणू रेकॉर्ड रूमच्या दारातच उभे होते. टेबलावर नरसिंहपूरचं दप्तर उघडं पडलेलं. आबा गेले त्या सकाळीच ते तसं सापडलं होतं. ते बांधायला कुणाला जमलं नव्हतं. त्यानंतर मात्र एकही दप्तर सुटलं नव्हतं.

गेणूला राहवलं नाही. "आता कळलं का सायेब? इतके दिस माज्या नावानं शिमगा. म्हातारबाच सोडत हुतं. करमत नव्हतं, म्हून जाताना सोडायचं आन दुसऱ्या दिशी बांधायचं. ती गाठ दुसऱ्या कुणाला सुटती?"

गेलेल्या माणसाविषयी बोलू नये, असं मानसिंगराव म्हणाले. पण जन्मभर ज्याने रेकॉर्ड राखलं, त्यानेच शेवटी... वाक्य त्यांनी अर्धवट ठेवलं. ते पुरं करायची गरजही नव्हती. संध्याकाळपर्यंत कचेरीभर झालं असतं.

विशाखा टेबलापाशी गेली. कागद सारखे केले, लाल कापडाची टोकं जुळवली, सुतळी दोनदा फिरवून गाठ मारली. मानसिंगरावांनी ती ओढून पाहिली. गाठ हलली नाही.

मग तिने नख आत घातलं, हलकेच एक पीळ उलटा फिरवला, आणि सुतळी सुटून टेबलावर पडली.

"आबांनी आयुष्यात एक दप्तर विस्कटलं नाही, साहेब," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी मी सोडत होते."