आवाज गेला

दस्तगीर मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक गाडीच्या इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. "आवाज कुठंय?"

"महिनाभर टकटक होती. आज एकदम गप्प," उन्मेष लंगडत पुढे आला. "जुनी घेतली, पण आपोआप दुरुस्त होणारी आहे. लागेल तो माल जवळपासच्या कशातूनही ओढून घेते."

"आणि तुमचा पाय?"

"गुडघा आजच वाजायला लागलाय."

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर त्याच्या गुडघ्याला लावला. आत टकटक चालू होती.

"विकणारा माणूस कसा होता?"

"सज्जन. व्हीलचेअरवरून फाटकापर्यंत सोडायला आला. बायकोही आली, तिच्या व्हीलचेअरवरून. कुत्रा तीन पायांचा, पण तोही आला."

मिस्त्री दोन पावलं मागं सरले. "साहेब, आधी गाडीपासून लांब व्हा."

"होतो हो. हा हेडलाइट तेवढा बघा, फडफडतोय." उन्मेष दिव्यासमोर वाकला.

फडफड थांबली. दिवा लख्ख पेटला.

रस्त्यावर बाराचं ऊन रखरखत होतं. उन्मेषने हात पुढे करून हवेत चाचपडलं.

"मिस्त्री, लाईट गेली का हो?"