तेरावी खुर्ची

द्राक्षांची तोडणी संपली की आम्ही चौदा मित्रमैत्रिणी ओरेस्तेच्या मळ्यात अंजिराखाली जेवतो. यंदा देल्फिनाचा नवरा नव्हता, म्हणून तेरा झालो. एका टेबलाला तेरा म्हणजे अपशकुन. देल्फिनाने खुर्च्या मोजल्या आणि शाल उचलली.

“मला भूक नाही. मी आपली घरी जाते.”

“बस गं. माझा उपास आहे, मी वाढते,” मी म्हणाले.

“हिच्या उपासांना देवही कंटाळला असेल!” ओरेस्ते ओरडला. सगळे हसले. देल्फिना बसली, जेवली.

पाव आणायला मी स्वयंपाकघरात गेले, तर देल्फिना एक झाकलेली ताटली घेऊन मागोमाग आली.

“तुझा उपास शुक्रवारी असतो. आज गुरुवार आहे,” ती हळूच म्हणाली. “खा मुकाट्याने.”