एका बाईचं हृदय

धाकट्या काकाचं एकदाचं लग्न लागलं, त्याच वर्षी पीएचडीच्या मुलाखतीला भाची आत्याला घेऊन विद्यापीठाचा जिना चढत होती. मधल्या वळणावर आत्या कठडा धरून थांबली.

"मेली ॲसिडिटी," ती धापा टाकत म्हणाली.

भाचीने नजर चुकवली. घरात सगळ्यांनी आत्याला तेच सांगून ठेवलं होतं.

वर संशोधन विभागाच्या प्रमुख बाईंच्या खोलीत गणितवाला, यंत्रवाला आणि डॉक्टर एकाच टेबलाशी काम करत. एकाचं दुसऱ्याला कळलं नाही, की मुसळ केरात. म्हणून बाईंनी रीतच पाडली होती: उमेदवाराने आपलं मॉडेल घरच्या माणसाला समजवायचं आणि मुलाखतीत ते त्या माणसाने सांगायचं. जागा एकच होती. आईविना भाचीला लाडाने 'खार' म्हणत वाढवलं आत्याने, तेव्हा तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला आणणार?

"बोला आजी," बाई म्हणाल्या.

"आजी कुणाला म्हणता? तुमचे केस काय काळे आहेत?"

बाई हसल्या. आत्याने चष्मा पुसला.

"हिने कॉम्प्युटरात एका बाईचं हृदय केलंय. हृदय म्हणजे पंप. त्याची एक झडप नीट मिटत नाही. पुढे ढकललेलं रक्त थोडं मागे गळतं. मग पंप जास्त राबतो आणि राबून राबून थकतो, थोरल्या सुनेसारखा. तो कुठवर टिकेल, ते हिचं गणित सांगतं."

"कुठवर टिकेल?" यंत्रवाल्याने विचारलं.

"पुढच्या हिवाळ्यापर्यंत." आत्याने भाचीकडे पाहिलं. "ही बाई जिन्याच्या वळणावर थांबते. डाव्या कुशीला वळली की तिला ठसका लागतो. खारे, माझ्याच मापाचा कपडा मला ओळखू येणार नाही होय गं?"

समजावताना भाची 'एक बाई' एवढंच म्हणाली होती.

"आत्या, मी..."

"रडतेस कशाला? सगळ्यांनी मला लहान पोरासारखं फसवलं. तू एकटीने खरं सांगितलंस, आणि मला कळेल असं सांगितलंस. उपकार झाले तुझे." मग ती बाईंकडे वळली. "जागा हिलाच द्या. गणितात कुठे चूक असली, तर निवांत शोधू दे."

जागा मिळाली आणि चूकही सापडली. हृदय नुसता पंप नसतं. ते गळतीला सरावतं, आपला आकार बदलून घेतं. पंपाच्या गणितात हे कुठेच नव्हतं. भाचीचा सगळा प्रबंध त्यावरच उभा राहिला. दर हिवाळा सरला की आत्याचा फोन यायचा, "खारे, चुकलं गं तुझं गणित!" आणि भाची फोन कपाळाला लावून मनोमन हात जोडायची.

भाचीला पीएचडी मिळाली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आत्या वारली. झोपेत, डाव्या कुशीवर.