हुद्द्याचा रकाना

कंपनीच्या गेटवरच्या दोन टेबलांपैकी गार्ड धनेशचं टेबल मोकळं होतं. तरी वर्षाली दुसऱ्या टेबलाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्यापुढे तीन ट्रक ड्रायव्हर होते.

"मॅडम, इकडं या की. इथं कोणी नाही," धनेशने हाक मारली.

"असू दे. थांबते मी."

दुसऱ्या टेबलावर गार्डच्या गणवेशात भैरू खिलारे लिहीत होते. घरी ते तिचे अप्पा. त्यांनी वर पाहिलं नाही, पण त्यांचे कान लाल झालेले तिला रांगेतूनही दिसले.

काल जेवताना अप्पांनी बजावलं होतं, "उद्या गेटवर मला अप्पा म्हणायचं न्हाई. घरचं माणूस आलं तर त्याची नोंद दुसऱ्या गार्डनं करायची, असा नियम हाय. लपवलं तर थेट गोदामावर बदली."

"मग मी धनेशदादांकडंच जाते की."

अप्पांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "चौदा वर्षं झाली, लोकांचे हुद्दे लिहितोय. एक तरी घरचा लिहू दे, पोरी."

अप्पा नववी शिकलेले. पण डेप्युटी जनरल मॅनेजर मोठा की असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट, हे त्यांना झोपेतून उठवून विचारावं. व्हाइस प्रेसिडेंटला मोठं गेट आणि कडक सलाम. मॅनेजरला आडवा दांडा वर. इंजिनिअरला लहान गेट, बॅग उघडून. ड्रायव्हर आणि हेल्पर झाडाखाली. बाईमाणसाला मिस की मिसेस ते विचारायचं नाही, सरसकट एम-एस लिहायचं. हे त्यांनी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, "आणि माझं सौ. कुठं ठेवलंत?"

ड्रायव्हर पुढे सरकले. तिची पाळी आली.

"नाव?"

"वर्षाली खिलारे."

"आं? तुमच्यातल्याच की, भैरूभाऊ!" धनेश पलीकडून म्हणाला.

"खिलारे पुष्कळ हाईत," अप्पा म्हणाले आणि एम-एस लिहून त्यापुढे नाव लिहू लागले.

"बॅगेत काय?"

"प्रेशर गेज, दाब मोजायचा. तुमच्या कंपनीतले गेज याच्याशी ताडून बघायचे आहेत."

"सिरियल नंबर?"

ती सांगायच्या आत त्यांनी आकडे लिहायला घेतले. काल हाच गेज घरी कॉटवर ठेवून त्यांनी तिच्याकडून दोनदा नंबर वदवून घेतला होता. वर्षालीने घाईघाईने गेजची पेटी उघडली. ती टेबलावर ठेवायला जागा नव्हती. रजिस्टर, गेटपासांचं पुस्तक, पाण्याची बाटली आणि अप्पांचा जेवणाचा डबा.

"थांबा, जागा करतो," म्हणत मागून एक हात आला. सिक्युरिटी सुपरवायझर हिंदुराव. त्यांनी डबा उचलला.

तेव्हा वर्षालीला तो डबा नीट दिसला. सकाळी सहाला निघताना अप्पांनी अंधुक उजेडात ओट्यावरचा चुकीचा डबा उचलला होता. स्टीलवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. मामाने बारशाला दिलेला डबा. *चि. वर्षाली भैरू खिलारे.*

हिंदुरावांनी चष्मा लावला नव्हता. डबा लांब धरून त्यांनी वाचला. मग रजिस्टरमध्ये वाकून पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"खिलारे."

"व्हय साहेब."

"नियम माहितीय ना?"

"व्हय."

अप्पांचं पेन थांबलं होतं. नाव लिहून झालं होतं, नंबर लिहून झाला होता. हुद्द्याचा रकाना तेवढा कोरा होता. पेनाचं टोक त्या रकान्यावर टेकलेलं होतं आणि तिथे शाईचा बारीक ठिपका मोठा होत होता.

"साहेब, यांची चूक नाही," वर्षाली म्हणाली. "ते टेबल रिकामं होतं. मीच इथं थांबले."

"ते मी बघितलं," हिंदुराव म्हणाले. "दहा मिनिटं मी कॅमेऱ्यावर हेच बघतोय, रिकामं टेबल सोडून ही पोरगी उन्हात का उभी राहिली."

अप्पा खुर्चीतून उठू लागले. हिंदुरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. डबा खिडकीत ठेवला, नावाची बाजू भिंतीकडे करून.

"धनेश, इकडं ये. बॅग तू तपास. नोंदीखाली सही तुझी."

"आणि लिहायचं?" धनेशने विचारलं.

"लिहायला तुझं अक्षर कुणाला लागतं?" हिंदुराव म्हणाले. "खिलारे, हुद्दा राहिलाय. आणि अर्धवट लिहू नका नेहमीसारखं. पुरता लिहा."

अप्पांनी पेन झटकलं. एकेक अक्षर सुटं, शाळेतल्या पाटीवर काढावं तसं त्यांनी इंग्रजीत लिहिलं. कॅलिब्रेशन इंजिनिअर. रकाना पुरला नाही. शेवटची चार अक्षरं 'कोणास भेटायचे' या घरात गेली. धनेशने बॅग तपासली, सही केली.

अप्पा उठले. पास दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला आणि ताठ उभं राहून सलाम केला. सलाम व्हाइस प्रेसिडेंटचा होता.

वर्षालीने पास घेतला. ती लहान गेटाशी पोचली तोच मागून त्यांचा आवाज आला.

"मॅडम, जेवताना जपून. तुमच्या डब्यात माझा ठेचा हाय."