विहिरीचा वाटा

"विहिरीला रोज काहीतरी दे, रंगू. रिकाम्या हातानं जाऊ नकोस. तिनं एक घेतलंय. दुसरं मागायला नको."

सगुणाबाईंचं हे शेवटचं बोलणं. रंगूबाईनं सासूच्या हातावर हात ठेवून "देते" म्हटलं आणि तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही. आंघोळ झाली की पळसाच्या द्रोणात फुलं घ्यायची, अनवाणी विहिरीवर जायचं, पाण्यातल्या देवींना, साती आसरांना हात जोडून द्रोण पाण्यात सोडायचा. मगच चहा.

तिचा नवरा जीवन याच विहिरीत मोटर काढायला उतरला होता. आतल्या कोंदट हवेनं त्याला भोवळ आली. तो वर आलाच नाही.

आणि आता त्याच विहिरीत धाकटा दीर ज्ञानेश प्रयोगशाळा बांधत होता.

ज्ञानेश एकलहऱ्याच्या वीज केंद्रात वेल्डर. शहरातल्या द्वारका चौकातून लोखंडी पत्रे आणून दीड वर्ष खपून त्यानं एक खोली जोडली. जाड काचेची खिडकी, वर येणारं नळकांडं, त्यात शिडी आणि हवेसाठी पंखा. २००५ च्या मार्चमध्ये क्रेननं ती विहिरीत उतरवली, पाण्याखाली बारा फूट. मरळ मासा आपली पिल्लं कशी राखतो, हे त्याला आत बसून टिपायचं होतं. दिवाळीनंतर मत्स्य खात्याचे साहेब यायचे होते. मासे जगलेले दिसले की नोकरी सोडणार आणि दिवसभर खालीच बसणार, असं त्यानं घरात जाहीर करून टाकलं होतं.

लोडशेडिंगचे दिवस होते. वीज गेली की पंखा थांबायचा. दोनदा तो खोकत, डोळे लाल झालेले, शिडीवरून कसाबसा वर आला.

"भावजी, काठावरून नाही का दिसत?" रंगूबाईनं एकदा विचारलं.

"काठावरून फुलं सोडता येतात, वहिनी. शास्त्र होत नाही."

ती पुन्हा काही बोलली नाही.

बोलला तो ज्ञानेशचा चुलत भाऊ मल्हारी. बांधापलीकडे त्याची द्राक्षबाग होती. आसरांच्या पाण्यात लोखंड उतरवलं म्हणून तो चवताळला होता. बांधावर उभा राहून, चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लोकं मेल्यावर पान्यात सोडत्यात. हा जित्तेपनीच चाललाय. साहेब हाय ना लय मोठा."

"सातबारा माझ्या नावावर आहे," ज्ञानेश म्हणाला.

"पानी कोनाच्या बापाच्या नावावर नसतं. एक दिवस तुझी मासळी उलटी पडंल. तवा माझ्या दारात येऊ नको."

त्या दिवसापासून दोन्ही घरांचं येणंजाणं तुटलं. रंगूबाईचं तेवढं चालू राहिलं. तिच्या नेमाला पांढरी जास्वंद लागायची, आणि ती मल्हारीच्या फवारणीच्या खोलीमागेच होती. देवाच्या कामात तो आड येत नसे.

श्रावणात तिनं नेम कडक केला. विहिरीचं पाणी तोंडाला लावायचं नाही, नदीवरून, गंगेवरून आणलेलंच प्यायचं. गायीलाही नळाचं पाजायचं. द्रोण सोडून आली की राखेनं चारचारदा हात धुवायची. वहिनींचं सोवळं वाढलंय, असं म्हणून ज्ञानेश हसायचा. त्यानं एवढंच सांगितलं की कुंकू टाकू नका, माशांना बाधतं. तिनं त्याच दिवशी बंद केलं.

भाद्रपदात पहिला मरळ उलटा तरंगला. चार दिवसांत सगळे. खालच्या काचेला मेलेली पिल्लं चिकटून बसली होती.

ज्ञानेशनं पाणी तपासायला दिलं. त्यात तांबं निघालं. म्हणजे मोरचूद, द्राक्षांवर चुन्यात कालवून फवारतात ते निळे खडे. मोरचुदाची पोती कोणाकडे, हे सांगायला शास्त्र लागत नव्हतं.

तो पाइप घेऊन बांध ओलांडून गेला. लोकांनी सोडवेपर्यंत मल्हारीचा खांदा निखळला होता.

"आसरांची आन, मी न्हाई," मल्हारी कण्हत होता.

"मासळी उलटी पडंल, हे कोण म्हणालं होतं?"

पोलिसांना फवारणीच्या खोलीत एक पोतं अर्धं रिकामं सापडलं. यंदा अजून फवारणी झालीच नव्हती. ते का रिकामं, हे मल्हारीला सांगता येईना. जीपमध्ये चढताना त्याची नजर गर्दीतल्या रंगूबाईवर पडली.

"वैनी, तुमी तरी सांगा. रोज येता तुमी. मला कधी हिरीकडं जाताना बघितलं?"

रंगूबाईनं पदर डोक्यावरून पुढे ओढला. "मी फुलांशिवाय कुठं बघत नाही, भावजी," ती हळूच म्हणाली.

जीप गेली. ज्ञानेश कित्येक दिवसांनी पोटभर जेवला. पाणी उपसून टाकतो म्हणाला, विहीर नव्यानं भरली की नवी पिल्लं सोडतो. "आता धास्ती नाही, वहिनी. या खेपेला तीन दिवस वरच येणार नाही."

तिनं त्याला आणखी एक भाकरी वाढली.

महिन्याभरानं, सोमवारी, त्यानं पिल्लं सोडली. मंगळवारी रंगूबाईनं आंघोळ केली, दिवा लावला आणि देव्हाऱ्यामागचा हळदीचा जुना डबा काढला. त्यातले मूठभर निळे खडे द्रोणात घातले. जास्वंद नव्हती, म्हणून वर झेंडू पसरला. मग सासूचं नाव घेऊन ती अनवाणी विहिरीकडे निघाली.