जरा मोठ्यानं बोल

"अहो, तुम्हाला बोलावतायत! आत जा! आ-त!"

काकूंचा आवाज चिरकला. बाकावरची चार माणसं दचकली. काका तेवढे दचकले नाहीत. त्यांनी कानामागे हाताचा द्रोण धरला आणि विचारलं, "काय? जरा मोठ्यानं बोल."

कानाची चाचणी घेणाऱ्या बाईंचा हा आजचा सतरावा पेशंट. सकाळपासून हेडफोन लावायचे, काढायचे, पुसायचे. डोकं जड झालं होतं. 'आवाज आला की बटण दाबा' हे वाक्य तर आता त्यांचं तोंड त्यांना न विचारताच बोलत होतं.

त्यांनी फाइल उघडली. वरचे कागद सहा वर्षांपूर्वीचे होते. सर्दीतून दोन्ही कानांच्या मधल्या भागात पू झालेला, पडद्यांना भोकं पडलेली, ऐकणं निम्म्यावर. खाली डॉक्टरांनी आज लिहिलं होतं: पडदे आपोआप भरून आलेत, तरी ऐकू येत नाही. आतली हाडं झिजली असावीत. चाचणी बघून ऑपरेशनचं ठरवू.

"कानात कसली हो हाडं?" काकूंनी विचारलं.

"पडद्यामागे तीन इवलीशी हाडं असतात, काकू. पडदा हलला की ती हलतात आणि आवाज आत पोचवतात. पू बरेच दिवस राहिला तर ती झिजतात. मग पडदा बरा होऊन उपयोग नसतो."

"मग करा बाई काय ते ऑपरेशन. एकदाचं करून टाका." काकू भिंतीला टेकल्या. "सहा वर्षं ओरडतेय मी. भाजीत मीठ बरोबर आहे का म्हणून विचारलं तर शेजारच्या घरातून उत्तर येतं! दिवे गेले, गॅस आला, कोण वारलं, कुणाचं लग्न ठरलं, सगळं घसा फोडून सांगायचं. खोकल्याच्या गोळ्या चघळून जीभ पांढरी पडलीये. पण घरात आम्ही दोघंच. ह्यांच्याशी नाही बोलायचं तर काय भिंतींशी बोलू?"

काका पंख्याकडे बघत होते.

बाईंनी काकूंना बाहेर बसायला सांगितलं आणि काकांना आत घेतलं. आधी कानात छोटी नळी बसवून हवेचा दाब दिला. पडदा आणि हाडं कशी हलतात ते यंत्र कागदावर काढून दाखवतं. रेघ चढली, टोकाला पोचली, उतरली. अगदी हवी तशी. दुसऱ्या कानाचीही तशीच. यंत्र बिघडलं की काय म्हणून बाईंनी नळी स्वतःच्या कानाला लावून पाहिली. त्यांच्या रेघेत आणि काकांच्या रेघेत काही फरक नव्हता.

मग काकांना आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन लावले. काका फक्त मोठ्या आवाजांना बटण दाबत होते. बाईंनी तीच चाचणी पुन्हा घेतली. या वेळी आकडे भलतेच आले. तिसऱ्यांदा आणखी वेगळे.

बाईंनी माइक जवळ घेतला. आवाज अगदी बारीक केला आणि पुटपुटल्या, "काका, तुमच्या शर्टाचं वरचं बटण निघालंय."

काचेपलीकडे काकांचा हात गळ्याशी गेला. आणि तिथेच थांबला.

थकलेल्या माणसाला राग लवकर येतो. बाई उठल्या, आत गेल्या आणि जाड दार ओढून घेतलं.

"कधीपासून ऐकू येतंय?" त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं.

काकांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "पाच वर्षं झाली असतील. एका सकाळी नळ ठिबकताना ऐकू आला."

"आणि त्या बाहेर घसा फोडतायत! बायकोची कटकट नको म्हणून बहिरं व्हायचं? माझ्या घरीही आहेत असे एक. पण ते निदान कानाचे कागद घेऊन हिंडत नाहीत."

काका हेडफोनची वायर सरळ करू लागले.

"मला खरं लिहावं लागेल, काका. नाहीतर डॉक्टर तुमचा चांगला कान उघडतील."

"उघडू देत की. मग सांगता येईल, ऑपरेशन लागू पडलं नाही म्हणून. असं होतं ना कधी कधी?"

"भलतंच काय बोलता? त्यात एखादं हाड दुखावलं तर खरोखरचे बहिरे व्हाल. तेही चालेल तुम्हाला?"

"चालेल."

"पण का? एवढं काय केलंय त्यांनी तुमचं?"

काचेतून आणि पलीकडच्या उघड्या दारातून बाक दिसत होता. काकू झाडूवाल्या मावशींना काहीतरी सांगत होत्या. हात हलत होते, मान हलत होती, ओठ थांबत नव्हते. आत मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. काका त्या हलणाऱ्या ओठांकडे बराच वेळ बघत राहिले.

"आमची मुलगी गेली," ते म्हणाले, "त्यानंतर अकरा महिने ही एक शब्द बोलली नाही. औषधं झाली, डॉक्टर झाले, नातेवाईक येऊन रडून गेले. मग माझे कान फुटले, आणि एका दुपारी दूध उतू जात होतं, हिनं दोनदा ताट आपटूनही मी वळलो नाही, तेव्हा ही पहिल्यांदा ओरडली."